दवाखान्यातला बाक

२ जून, सोमवार
डिझाइनचा क्लास सुरू. मास्तरीण माझ्या नातीएवढी, पण शिस्त सासूची. शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने संशोधनाचा विषय आणायचा. नाही आणला तर नाव कमी. रीत अशी, की माणसं कुठली वस्तू वापरताना अडतात ते तासभर गप्प बसून बघायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. हे माझ्यासाठीच काढलंय. मी मुळातच अबोल.
सून म्हणाली, आई, शुक्रवारी नाव कमी झालं की शनिवारी घरीच असाल ना, मग गहू निवडायला घेऊ. हिला बघतेच.

३ जून, मंगळवार
विषय: सुनेचा ओटा. ती अडते, हे मला तिच्या लग्नापासून ठाऊक. स्टूल टाकून बसले. गप्प होते. फक्त गॅस बारीक कर म्हटलं. आणि कांदा असा चिरतात का, एवढं विचारलं. आणि तिच्या आईने काय शिकवलं, तेही. तिने झारा माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसली. आता बघू कोणाला? स्वयंपाक मीच केला. लोकांना संशोधनाची कदर नाही.

४ जून, बुधवार
विषय: स्टेशनवरचं तिकिटाचं मशीन. एक म्हातारबाबा चाचपडत होते. फार वेळ बघवेना. बटण मीच दाबलं. तिकीट निघालं शेवटच्या स्टेशनचं. त्यांना जायचं होतं पुढच्याच. चारचौघांत म्हणतात, बाई, तुम्हाला कोणी विचारलं होतं? मशीनच वाईट. पण विषय नको, बाबा रोज तिथेच असतात.

५ जून, गुरुवार
सापडला! दवाखान्यातला बाक. लाकूड दगडासारखं, पाठीला नुसती भिंत. यावर माणूस बसूच शकत नाही, हे बसल्या बसल्या ओळखलं. आमच्या वर्गातली चष्मेवालीही समोर होती. खाली मान घालून काहीतरी गिरवत होती. बिचारी, अजून विषय शोधतेय.
आज मी तासभर चकार शब्द काढला नाही. गर्दी मात्र एकदम ओसरली. कंपाउंडरही बदलला. हल्लीची माणसं कामावर टिकत नाहीत.
सुनेला सांगितलं, गहू तूच निवड.

६ जून, शुक्रवार
वर्गापुढे उभी राहिले. ठणकावून सांगितलं, त्या बाकावर जिवंत माणसाला घटकाभर बसवत नाही. मास्तरीण मान डोलवत होती. मग चष्मेवाली उठली. म्हणे, माझाही विषय तोच बाक, पण निष्कर्ष उलटा. चित्र काढलं होतं तिने. भिंतीला डोकं टेकलेलं, तोंड उघडं, पिशवी मांडीवरून घसरलेली. खाली लिहिलेलं, कंपाउंडरने चार हाका मारल्या, आजी उठल्या नाहीत. लुगड्याची किनारसुद्धा हुबेहूब.
वर्ग हसून लोळला. बाक तिला मिळाला.
माझं नाव कमी. पण मास्तरीण म्हणाली, आजी, येत जा, मुलांनी केलेल्या खुर्च्या तपासायला कोणीतरी हवंच. सोमवारपासून बसायचं. मला झोप लागली की खुर्ची पास.
मी नापासच.