आईची ओवी आणि सोनेरी सीडी

॥ श्री ॥
राजाजीनगर, बेंगळूर
२२ ऑक्टोबर १९९९

चि. विद्याधर यास वासुदेवाचे अनेक आशीर्वाद.

सोबत आपल्या सुहासच्या मुंजीची सीडी पाठवत आहे. व्हिडिओ कॅसेटला बुरशी धरली होती, पण हळद दळताना आईने म्हटलेली ओवी देवकृपेने नीट उतरली. अर्धांगवायूनंतर तिच्या तोंडून शब्द नाही. स्वतःचा आवाज कानी पडला तर ती बोलायचा प्रयत्न करील, हे तुझे म्हणणे मला पटले. म्हणूनच हा खटाटोप.

कोरी सीडी निवडण्यातच माझे दोन शनिवार गेले. वरच्या मजल्यावर पुण्याचा शुभंकर राहतो, त्याच्या कॉम्प्युटरवर हे काम होते. त्याने आधी घरातल्या निळ्या, बिननावाच्या सीडीवर भरून पाहिले. ती त्याच्याकडे चालली, शेजारच्यांच्या प्लेअरने वाचलीच नाही. मग एस. पी. रोडला गेलो. दुकानदार म्हणाला, वाटायची असेल तर निळी न्या, जपायची असेल तर सोनेरी. पण स्वल्प महाग पडेल. मी सरी, चालेल, म्हणून सोनेरीच घेतली. शुभंकरने अगदी सावकाश गतीने भरली आणि वर पेनने नावही लिहू दिले नाही. काकांनी सीडी नाही, सून निवडली, असे तो साऱ्या बिल्डिंगला सांगत सुटला आहे.

सीडी कडेने धरावी, चकचकीत बाजूला बोट लावू नये. आईला साष्टांग नमस्कार. तुझ्या मायेवर माझे इथले दिवस जातात, ती कमी करू नकोस.

वासुदेव

नेसरी
११ नोव्हेंबर १९९९

ती. दादांस सा. न. वि. वि.

काल भाऊबीज झाली. आक्का आली होती. शेजारच्या पिराजीचा प्लेअर मागून आणला, गल्ली जमली. मांडव दिसला, भटजी दिसले, तुमची जरीची टोपी दिसली. बायका जात्याभोवती बसल्या. आईने खुंटा धरला, तोंड उघडले आणि चित्र थिजले. पुन्हा लावले, पुन्हा तिथेच. आई डावा हात उचलून पडद्याकडे दाखवत राहिली. शेवटी लोक उठून गेले, ती बसूनच होती.

पिराजी म्हणाला, शहरातले लोक असल्या स्वस्तातल्या सीडी गावाकडे पाठवतात. मलाही तेच वाटले. आम्ही तिला रोज उठवतो, भरवतो, धुतो. तुम्ही सेवा टपालाने पाठवता. ती तरी जरा चांगली पाठवायची होती.

तुमचा लोभ असल्यास तो समजेलच.

विद्याधर

राजाजीनगर, बेंगळूर
१७ नोव्हेंबर १९९९

चि. विद्याधर यास आशीर्वाद. थोरला आहे म्हणून लिहिले, मनात नव्हते.

त्याच डब्यातल्या सोनेरी सीडीवर भरलेली दुसरी प्रत माझ्याकडे आहे. तुझे पत्र वाचून ती तीन घरांत लावली. आईची ओवी अथपासून इतिपर्यंत ऐकू आली. तेव्हा दोष सीडीचा नाही. तू ती कशात गुंडाळलीस, कुठे टाकलीस, कोणाच्या हाती दिलीस, ते लिही. गल्लीसमोर माझी अब्रू काढण्याआधी एवढे तरी विचारायचे होतेस.

टपालाच्या सेवेबद्दल म्हणशील तर आईला इकडे आणतो असे मी कितीदा म्हणालो? देव सोडून ती येणार नाही, असे तूच मला सांगितलेस. आता तेच माझ्या तोंडावर फेकतोस. पिराजीच्या अकलेवर चालायचे असेल तर पुढची सीडीही त्याच्याकडूनच घे. माझ्याकडून मिळणार नाही.

वासुदेव

नेसरी
२२ नोव्हेंबर १९९९

ती. भाऊजींस कल्पनाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आणि जेवले नाहीत. म्हणून मी लिहिते.

पार्सल आलं त्या दिवशी नवी वस्तू म्हणून सीडी देवापुढे ठेवली. आई तिथेच बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले. येऊन बघते तर त्यांनी डाव्या हाताने सहाण ओढून घेतली होती, खोड उगाळलं होतं, आणि सीडीच्या चकचकीत बाजूला गंधाचं मोठं बोट उठलं होतं. त्यांना तो देवाचा टाक वाटला असेल. दुखण्यानंतर सहाणेला त्यांचा हात पहिल्यांदाच लागला. मला सीडी दिसलीच नाही, फक्त तो हात दिसला.

गंध वाळलं. ते निघेना, म्हणून टाक घासते तशी चिंच आणि राख लावून मी ती घासली. लख्ख झाली म्हणून मी खूशही झाले. गल्ली जमल्यावर समजलं की ओवी तिथेच होती. ह्यांना सांगायचा धीर झाला नाही. काल सांगितलं. तुम्ही काय बोलायचं ते मला बोला. आईंना मात्र ओवीपासून तोडू नका.

तुमची माया आम्हाला हवी आहे.

कल्पना

राजाजीनगर, बेंगळूर
२८ नोव्हेंबर १९९९

चि. विद्याधर आणि चि. सौ. कल्पना यांस अनेक आशीर्वाद.

कल्पनाचे पत्र देवापुढे बसून वाचले. राग गेलेला नाही. कोणावर काढावा हे कळेनासे झाले आहे, एवढेच. आयुधपूजेला मीच शुभंकरच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावले, तेव्हा तो हात जोडून म्हणाला होता, काका, फक्त वरच्या खोक्याला. मग आईला मी काय सांगणार?

त्याला सगळे वाचून दाखवले. नेहमीसारखा हसला नाही. गंध सीडीच्या वरच्या अंगाला लावले तर चालेल का, असे विचारले, तर तिथला ओरखडा आणखीच वाईट, म्हणाला. मग त्याने बोट ठेवून दाखवले. मधल्या भोकाभोवती काचेसारखे पारदर्शक कडे असते, तिथे काही भरलेले नसते. तिथे गंधाचा बारीक टिळा लावावा, वाळू द्यावा, मग सीडी लावावी. चालते. आम्ही एका कोऱ्या सीडीवर करून पाहिले.

कल्पना, सहाण धुऊन आईच्या डाव्या हाताशी ठेव. टिळा तीच लावील.

विद्याधर, माझ्याकडची दुसरी प्रत टपालाने पाठवत नाही. शनिवारच्या बसने मीच घेऊन येतो. सेवेबद्दल तू जे लिहिलेस, त्याचे उत्तरही बरोबर आणतो आहे. पोटभर भांडू. पण आधी आईची ओवी होऊ दे.

वासुदेव