आईला ऐकू येतं ते

इंदोरा, नागपूर
१५ डिसेंबर १९७६

प्रिय शालिक,

'प्रिय' खोडून टाकावंसं वाटलं, पण तुला पत्र लिहायचं तर हाताला दुसरी सुरुवात ठाऊक नाही, म्हणून राहू दिलं. रविवारी विहारात तू मला पाहिलंस आणि मान फिरवलीस. धाकट्या बहिणीचा, गोपिकाचा, दंड धरून उभा होतास. मी ओळख दाखवायला आले नाही. मला भांडायचं नव्हतं. आजही भांडण्यासाठी लिहीत नाही, तरी वाचताना तुला तसंच वाटेल, कारण या वर्षानं माझ्या तोंडाची चव पार घालवली आहे. मन आजारी पडलेल्या माणसासाठी या शहरात डॉक्टर शोधणं म्हणजे काय, ते तुला सांगायचं आहे. आपलं ठरलेलं लग्न मोडल्यापासून तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही.

आईचं दुखणं कसं सुरू झालं, तेही तुला अर्धंच माहीत आहे. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरातली मरीआई आणि देवांचे सगळे टाक टोपलीत घालून नाग नदीत सोडले, ते आईनं, स्वतःच्या हातांनी. बाबा हे अजून अभिमानानं सांगतात. त्यानंतर वीस वर्षं आमच्या घरात देवाचं नावही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात आई भाकरी थापत होती आणि माठाच्या कोपऱ्यातून तिला ऐकू आलं, "बायजे, मले पाण्यात टाकलं. आता तुले कोण काढन?" तेव्हापासून ती पाणी पिईना. मरीआई पाण्यातून बोलते म्हणून माठ उपडा करायची, बादली झाकून ठेवायची. भर मे महिन्यात तिचे ओठ फुटून रक्त यायचं, आणि मी पेला पुढं केला की ती माझ्याकडे अशी पाहायची, जणू मी तिला विष पाजते आहे.

बाबांना तू ओळखतोस. हिंगण्याच्या कारखान्यातून थकून येतील, पण विहाराची सभा चुकवणार नाहीत. त्यांना हा आजार वाटलाच नाही. त्यांना ती फितुरी वाटली. "काहून वं बायजे, बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या मजाक होती काय?" रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बसवून ते तिच्याकडून प्रतिज्ञा म्हणवून घेऊ लागले. पुढे विहारात, सगळ्यांसमोर. आई खणखणीत आवाजात म्हणायची. एक शब्द चुकायची नाही. लोक 'साधू, साधू' म्हणायचे आणि घरी येऊन ती माठ उपडा करायची. त्या प्रतिज्ञा माझ्याही आहेत शालिक, आणि मला त्या प्राणापलीकडे आहेत. पण त्या औषध म्हणून पाजायच्या नसतात. देवी नाही हे आम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणून आवाजही नाही असं आम्ही ठरवून टाकलं. मग जिला तो ऐकू येतो ती बाई उरली खोटारडी. माझ्या आईला आम्ही खोटारडी ठरवलं, तेही विवेकाच्या नावानं.

शेवटी मीच बाबांशी भांडून तिला धंतोलीतल्या एका नामांकित डॉक्टरकडे नेलं. घरातली पहिली पदवीधर मी. मला वाटायचं, मोठी पाटी वाचता आली की योग्य दार सापडलंच. त्यानं मान वर न करता वस्ती विचारली. इंदोरा म्हटल्यावर हसला. "मग तुमच्यात अंगात येतंच की, त्यात नवीन काय?" आईला त्यानं एक अक्षर विचारलं नाही. शॉक लिहून दिले. मागच्या खोलीत बाया ओळीनं बसवल्या होत्या. दातांत धरायला एक रबराचा तुकडा होता. एकीच्या तोंडातून तो लाळेसकट काढायचा, कंपाउंडरनं आपल्या पँटला पुसायचा आणि पुढचीच्या तोंडात कोंबायचा. मी ते पाहिलं आणि आईला अक्षरशः ओढत बाहेर आणलं. कंपाउंडर मागून ओरडत होता, "ओ मॅडम, नंबर जाएगा ना!" रस्त्यावर येऊन मी ओकले. आई माझी पाठ चोळत राहिली. आजारी कोण, हे रस्त्यानं जाणाऱ्याला सांगता आलं नसतं.

दुसरा डॉक्टर आपलाच माणूस, परिषदांत मंचावर बसणारा. तिथं तरी कुणी वस्तीचं नाव ऐकून हसणार नाही, म्हणून मी मोठ्या आशेनं गेले. त्यानं आधी दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बोभाटा करू नका. लोक म्हणतील यांच्या घरात देव परत आले. बाईचं पाळी जायचं वय आहे, टॉनिक देतो. आणि तुमचं लग्न उरकून घ्या लवकर, हे बाहेर फुटायच्या आत." पहिल्याचा राग आला होता. याची शिसारी आली. त्याच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाचीसुद्धा.

आणि मग तू. अंबाझरीच्या बांधावर बसून मी तुला हे सगळं सांगितलं होतं. अभ्यास मंडळात विवेकावर तासभर बोलणारा, स्त्रियांच्या हक्कांवर माझ्या टाळ्या घेणारा तू शेंगा सोलत शांतपणे ऐकत होतास. टरफलं पाण्यात टाकत होतास. मग म्हणालास, "लग्न होईपर्यंत त्यांना दूर कुठं तरी ठेवता नाही का येणार?" कुठं तरी. जशी काही माझी आई म्हणजे गंजलेली पेटी, पाहुणे यायच्या आत माळ्यावर ढकलायची. आठ दिवसांत तुझ्या घरून निरोप आला, की वेड रक्तातून येतं. तू गप्प राहिलास. त्या गप्प बसण्याची जी किळस आली ती अजून गेलेली नाही, आणि ती घालवायला मी फारसा प्रयत्नही केलेला नाही.

त्यानंतर मी वेगळं करायला लागले. आईला घेऊन जायच्या आधी, शाळेत शिकवून झालं की एकटीच जाऊन दवाखान्यात बसायची. माझ्या पेशंटला उद्या आणते म्हणायचं आणि नुसतं ऐकायचं. एका ठिकाणी आतून हाक आली, "वो पागल किसकी है, अंदर लाओ!" मी उठले. एका ठिकाणी नवरा बायकोच्या डोक्यावरून डॉक्टरशी बोलत होता, ती मध्ये टेबलासारखी उभी. उठले. असं किती दारांतून उठले ते सांगत बसत नाही. प्रताप नगरात नव्या घरांच्या रांगेत एका घराच्या पडवीत बाक टाकलेला दिसला. पडदा सरला, पांढऱ्या केसांची बाई स्वतः बाहेर आली आणि बाकावरच्या म्हाताऱ्याला म्हणाली, "दत्तोपंत, या. काल झोप लागली का?" मी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले.

या डॉक्टर चारुशीलाबाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं. आईच म्हणाली, पोरीले राहू द्या. मग त्यांनी विचारलं, "बायजाबाई, काय ऐकू येतं?" शालिक, तोवर तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, डॉक्टरांनी नाही, मीही नाही. आई पुष्कळ वेळ बोलली. शेवटी भीत भीत म्हणाली, "पण देवी तं नसतेच ना बाई. मंग मी खोटी काय?" बाई म्हणाल्या, "देवीचं मला विचारू नका. आवाज तुम्हाला येतो हे खरं आहे, आणि त्यावर औषध आहे." आई पदर तोंडाला लावून रडली. मग समोरचा पेला उचलून घटाघटा पाणी प्यायली.

ती पूर्ण बरी झालेली नाही, उगाच खोटं लिहिणार नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, भाकरी थापताना हात थरथरतात. बाबा सुरुवातीला कुरकुरले. आता मंगळवारी मला शाळेतून निघता आलं नाही तर कारखान्यातली पाळी बदलून तेच नेतात आणि गुपचूप बाकावर बसतात. आवाज घरातून निघून परसात गेला आहे. कधी तोही नसतो. परवा आई म्हणाली, "आज ती चूप बसून राहिली वं. सिनेमाले गेली असन." कितीतरी महिन्यांनी घरात आम्ही तिघं एकदम हसलो.

आता रविवारचं. तुम्ही गोपिकाला विहारात उभं करून प्रतिज्ञा म्हणायला लावल्या. पोर अडखळली, तसा तू दंड दाबलास. पुन्हा पहिल्यापासून. लोकांना कौतुक वाटलं. मधेच तिनं रिकाम्या खिडकीकडे मान वळवली आणि कुणाला तरी हो म्हणावं तशी हलवली. मला ते कळलं नाही, पण आईनं माझा हात घट्ट धरला. "त्या पोरीसंग कोणी तरी बोलून राहिलं वं सिंधू. मले ओळखू येते." मी म्हटलं, आपल्याला काय करायचं आहे, त्यांच्या रक्तात वेड नसतं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी कागद आणून पुढ्यात ठेवला, "लिही त्याले." म्हणून लिहिते आहे. माझ्या मनातून अजून तू उतरलेलाच आहेस, पण गोपिकानं त्याची शिक्षा भोगायची काही गरज नाही. तिला खोटी म्हणू नकोस. धंतोलीला नेऊ नकोस. कुठं तरी ठेवू नकोस. एकदा तिच्याजवळ बसून विचार, काय ऐकू येतं, आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐक. प्रताप नगराच्या बस थांब्यावर उतरून डावीकडची दुसरी गल्ली, पडवीत बाक असलेलं घर. येत्या मंगळवारी चार वाजता आम्ही तिथं असू. तुझ्यासाठी आईचा निरोप आहे, तिच्याच शब्दांत देते: "पोरीले माह्याजवळ आणून बसव. भेव लागन तिले. मी पायतो."

तुझी होता होता राहिलेली,
सिंधू