नाडी धरल्याचा बोभाटा

चिटगुप्पा, फाल्गुन वद्य षष्ठी, शके १८५७

साडूभाऊ नरहरराव यांना व्यंकटेशाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. शारदाअक्कांचा दमा, मुलांचा खोकला आणि तुमचा स्वभाव, तिन्हींना उतार असेल असं धरून चालतो. (खटकचिंचोळीत सासऱ्यांच्याच गल्लीत बिऱ्हाड करून मास्तरकी करणारा जावई पंचक्रोशीत तुम्ही एकटेच, म्हणून हे पत्र तुम्हाला.) इकडचं क्षेम विचाराल तर तीन आठवडे स्वतः भाकरी थापतोय. एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते.

सुमतीला माहेरी का न्यावं लागलं याची तुमच्याकडे पोचलेली हकीकत साफ खोटी आहे. तिला कसलाही आजार नाही. खरं काय ते सांगतो, पण अक्का आसपास असतील तर इथेच थांबा आणि पुढचं मळ्यात जाऊन वाचा.

आमच्या डॉक्टरसाहेबांकडे विलायतेहून एक मासिक येतं. (कंपाउंडरनं ते झटकून ठेवायचं असतं, वाचायचं नसतं.) त्यात लेख होता की परदेशात कुणा डॉक्टरांनी नवरा-बायकोच्या छातीला तारा बांधून काळजाचे ठोके मोजले, जेवताना, झोपेत, जिना चढताना, आणि अगदी एकांतातल्या संगाच्या वेळीसुद्धा. छातीला तारा बांधल्यावर माणसांना एकांत सुचतो कसा, हे मला कळलेलं नाही. पण निष्कर्ष वाचून हातातली औषधाची बाटली खाली पडली. त्या वेळी बाईचं काळीज पुरुषाइतकंच धावतं, कधी कधी त्याच्याही पुढे! नरहरराव, आपण पारावर काय ऐकत आलो? की बाईला त्यातलं काही नसतं, ती आपली सोसते. सहा वर्षं मीही तेच मानलं. दिवा मालवला की सुमती एक शब्द बोलत नाही, आणि मी पाठ फिरवून झोपून जातो. शब्दकोश घेऊन तो लेख तीनदा वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली.

आता तारा कुठून आणू? पण नाडी तर धरता येते. रविवारी दुपारी ती ज्वारी निवडत बसली होती. डॉक्टरसाहेबांचं घड्याळ मागून आणलं, तिच्यापुढे बसलो आणि मनगट धरलं. ती दचकली. तेवढ्यात आमची सत्यभामाआत्या घागर घेऊन आत आली. दिवसाउजेडी नवऱ्यानं बायकोचा हात धरायचे प्रसंग आपल्याकडे दोनच, लग्न आणि मरण. लग्न तर होऊन गेलेलं. आत्यानं घागर टाकून शेजारणीच्या नावानं हंबरडा फोडला, "आगं नागूबाई, धाव गं! पोरगी चालली की! येंकटेश हात धरून बसलाय!"

सगळी गल्ली लोटली. कुणी तुळशीचं पान आणलं, कुणी गंगाजल. सुमती सांगायला लागली, "मला काई झालं न्हाई," तर बायका म्हणाल्या, "वातात बोलायली." मी काय खुलासा करणार? परदेशातल्या तारा सांगू? मान खाली घालून घड्याळाकडे बघत बसलो, त्यानं तर सगळ्यांची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी सासरेबुवांची गाडी दारात. सुमतीला गोधडीत गुंडाळून नेलं आणि सेवेला म्हणून आत्याही गेली. जाताना सुमतीनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. घर इतकं सुनं झालंय की कुलूप काढण्याआधी मीच दार वाजवतो.

लोभ आहेच, हे वाचल्यावरही तो टिकावा.

तुमचा,
व्यंकटेश

ता. क. : लेखाचं राहू द्या. अक्कांकरवी सुमतीला एवढंच विचारा, ती रागावली आहे का. तिलाच लिहिलं असतं, पण तिची पत्रं सासरेबुवा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचतात. मला तिच्यावाचून करमत नाही, हे तिनं त्यांच्या आवाजात ऐकावं असं वाटत नाही.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तोच तुमच्या गावचा भीमण्णा बाजाराला आलेला, दवाखान्यात डोकावला. म्हणाला, "सुमतीअक्का इचारायल्यात, तुमी मोजायला बसलाता त्ये किती भरलं? घरी कुणाला कळू देऊ नको म्हन्ल्या." नरहरराव, वीसच्या पुढे मी मोजलंच नव्हतं. तिनं हात काढून घेतला नाही, आणि मोजायचं राहूनच गेलं. तेव्हा आता तिला काहीच विचारू नका. पत्र भीमण्णाच्याच हाती देतो, त्याला वाचता येत नाही. उद्या मी स्वतः येतोय. तुम्ही फक्त सासरेबुवांना आणि आत्याला दुपारी तुमच्याकडे जेवायला बोलवा, आणि लवकर पानावरून उठू देऊ नका.