दोरा शाबूत, कोरल फरार

२ फेब्रुवारी, रविवार
हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीसाठी जिवंत कोरलचे तीन तुकडे आणले. या छंदातले जाणकार त्यांना 'फ्रॅग' म्हणतात. मीही आजपासून म्हणणार. दुकानदाराने टाकीतलं शेवाळ खायला एक समुद्री गोगलगाय फुकट दिली. फुकट का? लक्ष ठेवायला हवं.
बायकोशी करार झाला. पंधरा दिवस तिन्ही फ्रॅग जागच्या जागी राहिले आणि जगले, तर टाकी हॉलमध्ये कायम. नाहीतर त्या कोपऱ्यात तिचं शिलाई मशीन परत येणार. सध्या ती स्वयंपाकघरात फ्रिजला खेटून, कोपर आखडून शिवते. तक्रार करत नाही. हेच खटकतं.

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
चिकटवणं पूर्ण. आधी ग्लू, मग पुट्टी, वर पुन्हा ग्लू. दोन फ्रॅग मोठ्या खडकावर, माझ्या नकाशाप्रमाणे, लाइटच्या बरोबर खाली. तिसऱ्या, हिरव्या फ्रॅगसाठी तळाशी सुरेख दगड सापडला. गोल, जांभळट, खालून झाकण बसवल्यासारखा सपाट. निसर्गाने माझ्यासाठीच घडवला होता. पुसून, चिकटवून डाव्या कोपऱ्यात ठेवला. आता भूकंप झाला तरी हलायचा नाही.
गोगलगाय कुठे दिसत नाही. मेलेलीच दिली असणार.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०
ऑफिसातून आलो तर हिरवा फ्रॅग टाकीच्या मध्यभागी!
मी नुसतं बायकोच्या बाह्यांकडे बघितलं. लगेच म्हणाली, मी कशाला त्या खाऱ्या पाण्यात हात घालू? मी अजून विचारलंही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं.
सासरे महिनाभर आपल्याकडे आहेत. जुने घड्याळजी, दिवसभर टाकीसमोरच्या खुर्चीत. म्हणाले, जावईबापू, तुमचा दगड चालतो. वय झालं. आयुष्यभर सेकंदकाटे बघितले, आता सगळंच चालताना दिसतं.

५ फेब्रुवारी
काचेवर मार्करने खूण केली. संध्याकाळी फ्रॅग खुणेपासून दोन वीत उजवीकडे. बायकोच्या बाह्या कोरड्या. म्हणजे नीट पुसल्या.

७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४५
सकाळी निघताना झाकणावर बारीक दोरा ताणून दोन्ही टोकांना टेप लावली. कुणी झाकण उघडलं की दोरा तुटलाच पाहिजे. आत्ता बघतो तर दोरा शाबूत आणि फ्रॅग पंपाशेजारच्या खडकावर चढलेला!
निष्कर्ष एकच. कुणीतरी दोरा अलगद काढून जसाच्या तसा लावला. इतका बारीक, स्थिर हात घरात कुणाचा? घड्याळजींचा. बापलेक सामील आहेत. कुठेतरी पाणी मुरतंय.

९ फेब्रुवारी, रविवार
दहा ते एक स्वतः खुर्चीत बसून पहारा दिला. मधे वीसेक मिनिटं डोळे मिटून विचार केला. उघडले तर फ्रॅग वीतभर पुढे. सासरे शेजारीच होते. म्हणाले, तुम्ही विचार करत होतात तेव्हा गेला. काय हिंमत!
खडकावरचे दोघे जरा फिके वाटतात. चष्मा पुसायला हवा.

११ फेब्रुवारी
आज तोंडावर बोललो. तुला कोपरा हवाय म्हणून हे चाललंय, म्हणालो. ती सुईत दोरा ओवत होती. सुई खाली ठेवली. म्हणाली, कोपरा हवा असता तर मागून घेतला असता, मला तोंड आहे. एवढंच. नंतर ताट वाढलं आणि मशीनकडे परत गेली. वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.
पण तपास अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. रविवारी दुकानदाराला बोलावलंय. त्रयस्थ माणूस बरा.

१६ फेब्रुवारी, रविवार, दुपारी १२
दुकानदार आला. मी नकाशा, खुणा, दोरा सगळं समजावलं. त्याने ऐकून घेतलं, हात घालून हिरवा फ्रॅग उचलला आणि दगड उलटा करून पाण्यातच धरला. थोड्या वेळाने खालचं झाकण सरकलं. आतून राखाडी पाय बाहेर आला.
साहेब, म्हणाला, ही मी दिलेली गोगलगाय.
सासऱ्यांनी चष्मा पुसला. मग बायको हसायला लागली, ती स्टूल धरून खालीच बसली.
खडकावरचे दोघे पांढरेफटक पडलेत. लाइटच्या थेट खाली भाजून मेले, असं दुकानदार म्हणाला. हिरवा मात्र फुलून दुप्पट झालाय. जाताना म्हणाला, तिन्ही गोगलगायीच्याच पाठीवर लावायला हवे होते. काखेत कळसा!
बायकोला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, मशीनचं ते टोक उचला.

१७ फेब्रुवारी, सकाळी ७
मशीन हॉलच्या कोपऱ्यात. टाकी सासऱ्यांच्या खोलीत. त्यांनी मुक्काम वाढवलाय.
हिरवा फ्रॅग जरा डावीकडे घेतला तर बरा दिसेल, असं वाटलं. हळूच खोलीत गेलो.
झाकणावर दोरा ताणलेला होता. हिरवा, शिवणकामाचा, दोन्ही टोकांना टेप. मी लावलेला नव्हता.
हात खिशात घालून परत आलो.