मासेमारीच्या खोपटीतला पाचोळा

हेगेन लेक, मिनेसोटा
थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप मार्जरी वन्संना,

लव्हॉनचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली आठही अंगं टेकत नाहीत. जेवढी टेकतात तेवढ्यांचा गोड मानून घ्यावा.) तुमची प्रकृती कशी आहे? ॲरिझोनाच्या उन्हात सांधे मोकळे झाले असतील. तिकडे म्हणे अंगणात नुसते खडे पसरून ठेवतात आणि त्यालाच बाग म्हणतात. आधी मी हसले होते, पण या ऑक्टोबरात मला त्या खड्यांचा फार हेवा वाटला. तुम्ही पाठवलेली संत्र्यांची पेटी पोचली. एक नासलं होतं, पण ते मी तुम्हाला कळवणार नाही. इकडे आम्ही दोघं ठीक. तळं अजून गोठलेलं नाही, आणि तुमचे बंधुराज खिडकीतून त्याच्याकडे, उधारी बुडवलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत बसतात.

मामंजींच्या अंगणाचं तुम्हाला काय वेगळं सांगायचं? तुम्ही त्यातच लहानाच्या मोठ्या झालात. तीन एकर जागा, आणि मामंजींना झाडांचा असा सोस की मोकळी जागा दिसली की लाव मेपल. त्या मेपलांनी सावली सगळ्या गावाला दिली आणि पाचोळा तेवढा आमच्यासाठी राखून ठेवला. मेपल तरी शहाणी, एकदाच काय ती पानं टाकून मोकळी होतात. कुंपणालगतचे ते ओक मात्र महाद्वाड. सगळं झाडून झालं, दाताळी धुऊन टांगली, की मग त्यांना पानं टाकायची आठवण होते. इतकी वर्षं हे एकटे ते सगळं ओढायचे, हाशहुश न करता. पण गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरले आणि खुबा नवा बसवावा लागला. (डॉक्टर म्हणाले, हा खुबा वीस वर्षं टिकेल. हे म्हणाले, मग बाकीच्या माणसाचं काय करू?) त्या खुब्यानं दाताळं ओढायचं म्हणजे दर चार पावलांना थांबायचं, आणि थांबलं की ओक वरून आणखी टाकतोच आहे.

तुमची लाडकी भाची ब्रेंडा उन्हाळ्यातच येऊन अट घालून गेली होती. मॅनकेटोला म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली एक इमारत आहे, तिथे जिना नाही, बर्फ उपसायला नको, तळमजल्यावर केस कापणारीसुद्धा आहे. "बाबा, थँक्सगिव्हिंगला मी येईन तेव्हा मला हिरवळ दिसली तर तुम्ही इथंच राहा. पाचोळा दिसला तर वसंतात घर विकायचं. आणि पैसे देऊन माणसं लावायची नाहीत, मला फसवू नका." हे म्हणाले, "बघू." तुमच्या घराण्यात "बघू" म्हणजे रणशिंग, हे ब्रेंडा विसरली. तिच्यात माझंही रक्त आहे ना.

आमचा सगळा भरवसा चर्चच्या मंडळींवर होता. (पैसे घेत नाहीत ती "लावलेली माणसं" नव्हेत, असं आम्ही दोघांनी जेवताना ठरवून टाकलं होतं.) दर वर्षी ही मंडळी दाताळी घेऊन आजारी माणसांची आणि विधवांची अंगणं साफ करतात. यंदा नवा पाद्री आलाय, कोडी नावाचा, टेक्ससचा. भला मुलगा, मोठी टोपी, मोठा आवाज. तो येऊन म्हणाला, "एल्रॉयकाका, शनिवारी आम्ही सगळे येतो, तुमचं अंगण करून टाकतो." हे अर्थातच म्हणाले, "छे छे, कशाला उगीच." आता वन्सं, आपल्याकडे तिसऱ्या आग्रहाशिवाय कोणी कॉफीचा दुसरा कपसुद्धा घेत नाही. पहिलं "नको" संस्कारांचं, दुसरं लाजेचं, तिसऱ्याला "बरं, तुमचा एवढा आग्रहच आहे तर". पण टेक्ससमध्ये नको म्हणजे नको! तो पोरगा म्हणाला, "वा, तब्येत ठणठणीत दिसतेय, देवाची कृपा!" आणि चक्क गाडीत बसून गेला. हे दारात तसेच उभे. मग म्हणाले, "तो परत येऊन विचारेल." संध्याकाळपर्यंत कॉफी गरम ठेवली. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमधून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. मी विचारलं, "अहो, काय करताय?" तर म्हणाले, "काही नाही, जरा." वन्सं, चाळीसहून अधिक वर्षं संसार केलाय मी. "काही नाही, जरा" म्हणून एकदा यांनी स्वयंपाकघराची भिंत काढली होती. मी कोट घातला आणि बघायला गेले.

कल्पना अशी होती की गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरनं पानं उचलून चुरडायची, तिथून एका जाड पाइपातून ती ओढून घ्यायची आणि मागे जोडलेल्या मोठ्या खोक्यात फेकायची. पाइप म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला घालतात तो काळा, वळ्यावळ्यांचा. ओढायला पंखा शेजारच्या व्हर्लिनच्या गोठ्यातला, पूर्वी गुरांचा चारा उंच कोठारात उडवायचा तो. त्या पंख्याला इंजिन आमच्याच बर्फ उडवायच्या यंत्राचं. (बर्फ पडेल तेव्हा काय करणार, असं मी विचारलं. तर म्हणाले, "आधी पानं पडू देत.") आणि खोकं? खोकं नवं बनवायला प्लायवूड आणा, चाकं आणा, कोण करणार ते सगळं? तर आपली मासेमारीची खोपटी होतीच की, चाकांवरची, थंडीत गोठलेल्या तळ्यावर ओढून नेतात ती. चार भिंती, छप्पर, एक खिडकी, सगळं तयार. पंखा पुढच्या भिंतीला बसवला, खिडकीची काच काढून वारा बाहेर जायला जाळी मारली. वेल्डिंग करताना चष्म्यावर चष्मा लावून, जीभ दातांत धरून बसलेले हे मी बघितले आणि खरं सांगते, मला लग्नाआधीचा एल्रॉय आठवला. तेव्हाही जीभ अशीच असायची, फक्त केस होते.

पहिल्या चाचणीला व्हर्लिन त्याची घडीची खुर्ची घेऊन आला. (त्याच्या तोंडून "तसं वाईट नाही" एवढं निघालं तरी आपल्या गावात लोक ते वर्षभर सांगतात.) हे ट्रॅक्टरवर चढले, इंजिन सुरू केलं, आणि वन्सं, काय तो आवाज! कुंपणावरचे कावळे शेजारच्या तालुक्यात गेले. पण यंत्र चाललं! पुढे पाचोळा, मागे हिरवी पट्टी. पानं पाइपात अशी जात होती जसे तुमच्या मोठ्या दिरांच्या तोंडात पार्टीतले बटाट्याचे वेफर्स. हे मागे न बघता, छाती काढून, ओकांपर्यंत गेले, वळले, आणखी एक फेरी मारली. मी आणि व्हर्लिन मात्र ओसरीवरून मागचं बघत होतो. खोपटीच्या मागून चुरडलेल्या पाचोळ्याच्या दोन सरळ, सुबक रांगा पडत चालल्या होत्या, जणू कोणी ओळीनं पेरणी केलीय.

आता हे असं तोंडावर कसं सांगायचं? आपल्याकडे माणसाला "तुझं चुकलं" म्हणत नाहीत. व्हर्लिन बुटांकडे बघत बसला. शेवटी हे जवळ आले तेव्हा मी म्हटलं, "अहो, हे जरा वेगळंच आहे हं." वेगळं! त्यांचा चेहरा पडला. एवढा कठोर शब्द मी ब्रेंडाच्या पहिल्या नवऱ्यालाही वापरला नव्हता. इंजिन बंद करून ते मागे वळले, दोन रांगा बघितल्या, खोपटीचं दार उघडून आत डोकावले. खोपटीच्या तळाला भोकं असतात, वन्सं. बर्फात गळ सोडायला असतात ती दोन भोकं. सबंध आयुष्य हा माणूस त्या दोन भोकांकडे बघत बसलाय, हिवाळेच्या हिवाळे, आणि तीच विसरला! व्हर्लिन म्हणाला, "एल्रॉय, चारा तरी बरोबर टाकलास, मासा लागतोय का बघ." आणि मग दोघं हसत सुटले. ट्रॅक्टरला धरून, गुडघ्यांवर हात ठेवून हसले. मी आत जाऊन हसले, कारण मी रागावले आहे असं दाखवायचं ठरवलं होतं.

रागवायला कारण लगेच मिळालं. दुसऱ्या दिवशी नाताळच्या बटाट्याच्या पोळ्यांचं पीठ मळायला घेतलं तर माझा लेफ्साचा तवा जागेवर नाही. आईचा तवा, मोठा, गोल, ज्यावर आमच्या सात पिढ्यांनी लेफ्सा भाजल्या. (सात नसतील, तीन धरा. रागात माणूस आकडा वाढवतो.) तो खोपटीत एका भोकावर बसवलेला होता, चार स्क्रू मारून. दुसऱ्या भोकावर माझ्या मोठ्या पातेल्याचं झाकण. मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, "अगं, पण माप किती बरोबर बसलंय बघ." मी वाकून बघितलं. माप खरंच बरोबर बसलं होतं. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे तुम्ही तरी लहानपणी शिकला असाल तर कळवा.

त्यानंतर मात्र ते यंत्र जे चाललं ते चाललं. ट्रॅक्टर भरभर जात नाही, पण थांबतही नाही, आणि यांचा खुबा गादीवर आरामात बसलेला. खोपटी भरली की व्हर्लिनच्या गोठ्यामागे नेऊन रिकामी करायची आणि परत यायचं. पाद्री कोडी बघायला आला तेव्हा वाऱ्यानं त्याची ती मोठी टोपी उडाली आणि नेमकी ट्रॅक्टरपुढे पडली. यांना काही ऐकू आलं नाही. एकदा "घुर्र" झालं, आणि टेक्ससची टोपी मेपलच्या पानांत एकजीव झाली. मला वाटलं, आता हा पोरगा परत या गावात राहत नाही. तर तो बोडक्या डोक्यानं टाळ्या वाजवत धावला. "काका, हे यंत्र चर्चच्या आवारात आणाल?" हे म्हणाले, "छे, माझं कसलं यंत्र." "आणि अल्मा रुडविक आजींकडे?" हे म्हणाले, "त्यांना आवाज सोसायचा नाही." मी श्वास रोखून उभी. पोरानं यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारलं. शिकला बरं का वन्सं, गावानं त्याला शिकवलं! हे म्हणाले, "बरं, तुमचा एवढा आग्रहच आहे तर."

आणि मग माझ्या नवऱ्याचा जो काही सीझन झाला म्हणून सांगू! ज्यांनी येऊन आमचं अंगण करायचं, त्यांचंच अंगण हे करून आले. अल्माबाईंचं केलं, चर्चचं केलं, दफनभूमीचंसुद्धा केलं. (मामंजींच्या थडग्याभोवती दोन जास्तीच्या फेऱ्या मारल्या. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.) घरी यायचे ते कानात पानांचा चुरा, भुवयांवर धूळ, आणि भूक अशी की मी बटाट्याची भाजलेली हॉटडिश वाढून थकायची. रात्री झोपेत "भरली, भरली" म्हणायचे. मला त्या माणसाचा अभिमान वाटतो, वन्सं. हे तोंडावर सांगायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

ब्रेंडा थँक्सगिव्हिंगला आली. आदल्या रात्री ओकांनी शेवटचा डाव साधून पाहिला होता, पण हे उजाडताच एक फेरी मारून आले होते. ती गाडीतून उतरली, आणि दारापासून कुंपणापर्यंत नुसती हिरवळ. ती कुंपणापर्यंत चालत जाऊन आली. मग म्हणाली, "बाबा, तसं वाईट नाही." हे टर्की कापायला आत गेले, पाठमोरे, पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले. जेवण झालं, भोपळ्याचं गोड झालं, निघायची वेळ झाली. तुम्हाला माहीत आहेच, आपल्याकडे निघणं म्हणजे आधी स्वयंपाकघरात निघायचं, मग दारात निघायचं, मग गाडीच्या काचेतून निघायचं. काचेतून ती मला हळूच म्हणाली, "आई, यंदा झालं. पण पुढच्या वर्षाचं काय? मी मार्जरी आत्याला फोन करते. घर त्या दोघा बहीणभावांच्या नावावर आहे, आत्या हो म्हणाली तर बाबाही ऐकतील." आणि काच वर केली.

असो. बाकी क्षेम. थंडी वाढते आहे. तुमच्या गुडघ्यांना आमच्या गुडघ्यांचा नमस्कार.

तुमची,
लव्हॉन

ता. क. फोन आला की ब्रेंडाला नाही म्हणावं. गोड बोलून, हवापाण्याच्या गप्पा मारून, पण नाहीच म्हणावं. तुमचं ती ऐकते. कारण विचारलं तर घर वडिलांचं आहे एवढंच सांगा.

ता. क. २. खरं कारण तुम्हाला सांगते, कारण तिला मी तोंडानं सांगू शकत नाही. मॅनकेटोचं तिच्या डोक्यात मीच भरवलं होतं. मार्चमध्ये, यांच्या ऑपरेशननंतर, मीच तिला फोन करून म्हटलं, आम्हाला इथून घेऊन जा. तिथला एक फ्लॅट मी बघूनही आले, यांना दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून. छान आहे. कपडे धुवायचं यंत्र त्याच मजल्यावर, खिडकीतून एकही झाड दिसत नाही. मला फार आवडला होता. आता मी राहायचं म्हटलं तर तिला वाटेल आई बाबांसाठी मन मारतेय, आणि ती आणखी जोर करेल. तर वरचं राहू द्या, तिला हे खरं कारणच तुम्ही सांगा. आईला घर नकोसं झालं नव्हतं. सबंध हिवाळा हे खिडकीपाशी कोट न काढता बसून असायचे, मी काही विचारलं तर "अं?" म्हणायचे, आणि ते मला बघवत नव्हतं. आत्ता मी हे लिहितेय तर ते शेडमध्ये आहेत, ठोकताहेत, आणि मी काय करताय विचारलं तर आतून ओरडून म्हणाले, "काही नाही, जरा!"