दादाचा धोटा

२ सप्टें.
उजवा हात अजून नीट वळत नाही. फिजिओवाल्या बाईंनी दम दिला: रोज दहा ओळी लिहा. म्हणून ही वही. हौस नाही.
बोटांच्या व्यायामाला नातीने, ईराने, व्हिडिओ गेम हाती दिला. ग्रीक पुराणातला. जहाज हाकायचे.

५ सप्टें.
आज पाताळात उतरले. पहिलाच भेटला एल्पेनोर. आपल्याच जहाजावरचा खलाशी. दारू पिऊन छपरावर झोपला, पडून मेला. निघायच्या घाईत कोणी अग्नी दिला नाही. मागणे एवढेच: मला जाळा, वर माझे वल्हे रोवा.
ईरा: "आजी, पुढे चल ना! तो साइडचा आहे. त्याचे पॉइंटपण नाहीत."
"मेलेल्या माणसाने मागितलंय. साइडचा कसा?"
जहाज उलटे फिरवले. ईराने कपाळ बडवले.

६ सप्टें.
वल्हे रोवले. दिवसभर दादा डोळ्यांपुढे.
कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. त्याच्या डबल पाळ्यांवर मी बी. ए. झाले. संपाच्या वेळी डब्याच्या पिशवीतून आपला धोटा, मागात आडवे सूत नेणारा, घेऊन आला. "तुझ्याकडे ठेव. घरी तुझी वहिनी चुलीत घालील. गेट उघडलं की नेईन."
गेट उघडले. दादाला आत घेतले नाही. मग दादाच गेला.
पहिल्या खंडेनवमीला वहिनीने फोटोपुढे पूजायला धोटा मागितला. म्हटले, घर बदलताना हरवला. हरवला नव्हता. त्याची तेवढीच वस्तू माझ्यापाशी होती.

९ सप्टें.
माळ्यावरून काढला. ईरा: "अय्या, होडी!" खरेच, आकार तसाच.
सगळे सांगितले. वाटले, रागावेल. म्हणाली, "मग फिरव ना जहाज उलटं."
पोर गुणाची आहे. तोंडावर बोलले नाही.

१२ सप्टें.
लालबाग. वहिनी मिरच्यांचे देठ काढत होती. धोटा पुढ्यात ठेवला. "हरवला नव्हता, वहिनी. मी खोटं बोलले."
तिने मिरच्या बाजूला सारल्या. मग, "आनि मी धोटा न्हाई म्हनून दर वर्सा त्येंच्या फोटोपुढे कातर ठेवतंय, वन्सं!"
चहा विचारला नाही. जा असेही म्हणाली नाही. खंडेनवमी पुढच्या महिन्यात. बोलावील का, ठाऊक नाही. तरी येताना जिना हलका वाटला. दादाचे उपकार, ईराचे, त्या छपरावरून पडलेल्या खलाशाचेसुद्धा.
दिले: धोटा एक, लाकडी, टोके लोखंडी. आत कांडी, तिच्यावर दादाच्या वेळचे सूत.
घेतले: वहिनीने. दोन्ही हातांनी.