वेरोनाताईचं घर, एमिलच्या नावावर

ब्रेकर हिल, पेनसिल्व्हेनिया
१४ जुलै २००८

चि. एमिल यास वेरोनाताईचे अ. उ. आ.

जनीनकडे तुझं बस्तान नीट बसलं हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझी बायको पॅट गेल्यावर तू एकटा काय शिजवून खाणार, याची मला धास्तीच होती. लेक सांभाळते आहे, नशीबवान आहेस. आम्ही म्हाताऱ्या अजून दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगीच्या कडा चिमटत बसतो.

घरावरच्या शाळेच्या कराने मात्र डोकं उठवलंय. मला ना मूल ना बाळ, पण बिल दरसाल फुगतंच. यंदा शाळामंडळाला अक्कल आली: पासष्टीपुढचा मालक स्वतःच्या घरात राहत असेल तर कर निम्मा. मी चांगला कोट घालून डोलोरेसकडे गेले. ती अजून आपल्या पडवीत बसूनच कर गोळा करते. वही चाळून म्हणते कशी, घर तुझं नाहीच, एमिलचं आहे!

आठवतं ना? माझा नवरा माईक गेला तेव्हा सगळ्या गल्लीला भीती पडली होती, की आपण अंथरुणाला खिळलो तर सेवागृहवाले खर्चापोटी घर घेतील. ज्याने त्याने एकेक डॉलरला घर नातलगाच्या नावावर केलं. मीही शहाणी, तुझ्या नावावर केलं. बावन्न वर्षं फरशा मी पुसतेय आणि मालक तू!

तेव्हा वकिलाकडे जाऊन घर परत माझ्या नावावर करून दे. अर्जाची मुदत ३१ ऑगस्ट आहे. पुरं बिल माईकच्या पेन्शनीत बसत नाही. सवलत नाही मिळाली तर हे घर सोडून चर्चमागच्या एका खोलीत जाऊन पडावं लागेल.

पोरांना पापे. तुझ्यावरचा लोभ या कामावर अवलंबून आहे, असं समज.
वेरोना

पार्मा, ओहायो
२६ जुलै २००८

ती. ताईस एमिलचा शि. सा. न.

पत्र पावलं. इथे सगळं झकास. जनीन नुसती लाड करते. गुडघा दुखतो, पण वयच आहे.

त्या कागदाचं बघतो. वकील सुट्टीवर आहे. शिवाय अशा कामात घाई बरी नव्हे, मागाहून भानगडी निघतात. डोलोरेसला नीट समजलं नसेल. ती शाळेतही गणितात कच्चीच होती. तू उगीच रक्तदाब वाढवू नकोस.

आहे तो लोभ वाढवावा, ही विनंती.
एमिल

ब्रेकर हिल
४ ऑगस्ट २००८

चि. एमिल यास, आशीर्वाद आहेत, पण मनापासून नाहीत.

तुझा वकील सुट्टीवर चंद्रावर गेलाय का? डोलोरेस गणितात कच्ची असेल, वाचता तिला येतं. वही उलटी धरूनही तुझंच नाव निघतं.

ती सांगत होती, वरच्या आळीतल्या हेलनच्या भाच्याने असंच आज करतो, उद्या करतो म्हणत परस्पर घर विकलं. मी तिला चांगलं झापलं, आमचा एमिल तसा नाही म्हणून. पण घरी आल्यावर घास उतरेना. तुझ्या मनात विकायचं असेल तर सरळ लिही. लहानपणी तुझी ओली चादर आईपासून लपवून वाळत घातली आहे मी. माझ्यापासून काय लपवतोस?

लोभाचं नंतर पाहू.
वेरोना

पार्मा
१३ ऑगस्ट २००८

ती. ताईस शि. सा. न.

सोबत कागद आहे. काल वकिलासमोर सही केली. घर तुझं झालं. विकायचा विचार स्वप्नातही नव्हता, आणि तू तसं लिहिलंस ते लागलं.

जनीन वाईट नाही, ताई. पण तिच्याकडे मी पाहुणा आहे. टीव्ही विचारून लावतो. कोबी शिजवायचा नाही, पडद्यांना वास लागतो. सकाळी ते सगळे कामाला जाईपर्यंत तळघरातल्या खोलीतून वर येत नाही, कुणाच्या पायात नको म्हणून. गेल्या महिन्यात दवाखान्यात विचारलं, स्वतःचं घर आहे का. मी हो म्हटलं आणि तुझा पत्ता सांगितला. खोटं नव्हतं, कागदावर होतंच ना. तेवढं एक उरलं होतं, म्हणून सही करायला मन होईना. तुझा जीव टांगणीला लागतोय हे कळूनही केली नाही, त्याची लाज वाटते.

राग गेला की चार ओळी लिही.
एमिल

ब्रेकर हिल
१८ ऑगस्ट २००८

चि. एमिल यास अ. उ. आ., या खेपेला मनापासून.

गाढवा, हे आधीच लिहायला काय झालं होतं? आणि मी इथे तुला नशीबवान म्हणत बसले.

तुझा कागद मी नोंदणीला न देताच फाडून टाकला, घर तुझ्याच नावावर राहू दे. आता पुन्हा वकिलाच्या नादी लागू नकोस. मागची खोली रिकामी केली आहे, माईकची पलंगाखालची हत्यारं तेवढी तू उचल, माझ्याच्याने हलत नाहीत. कोबी रोज शिजवीन, तू कंटाळशील.

डोलोरेसकडून अर्ज आणलाय. मालकाचं वय अडुसष्ट, ते भरलं. मालक याच घरात राहतो का, असं विचारलंय. तिथे मी हो लिहिलंय. सही तुझी हवी, ३१ तारखेच्या आत. मला खोटं पाडू नकोस.

तुझी वाट बघणारी,
ताई